हंगामातली वाट आणि ट्रकचा टायर



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात गावोगाव रुजली. अशा व्यासपीठावर सहसा संतवाङ्मय, इतिहास, राज्यकारभार असे विषय निघतात. पण ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने चार माणसांपुढे मांडावे, असाही या मालेचा एक संकेत आहे. आम्हांला ठाऊक आहे ते मालमोटारीचे चाक. मोटार कामगारांच्या संघटनेचे काम करण्यात आमची उमर गेली. शाळा फार लवकर सुटली, आणि इंग्रजी अक्षरे आम्ही शिकलो ती क्लीनर असताना, टायरच्या कडेवरची उठावाची अक्षरे बोटाने गिरवून. तेव्हा आज आम्ही टायरविषयीच बोलणार आहोत.

विषय नेमका असा, की थंडीच्या दिवसांत चालणाऱ्या आणि डांबरी रस्ता सोडून शेतात, पांदणीत उतरणाऱ्या ट्रकला टायर कोणता निवडावा. आपण म्हणाल, हा प्रश्न मालकाचा आणि ड्रायव्हरचा. आम्ही पाथरीच्या पेठेत राहणारी माणसे, आम्हांला याचे काय? परंतु आपल्या चहातली साखर, अंगातले सुती कापड, सरकीची पेंड, घराच्या विटा या सर्व वस्तू कोणाच्या तरी टायरवरून आपल्या दारात येतात. तो टायर कोणी निवडला आणि फुटला तर भुर्दंड कोणी भरला, हे समजून घेणे नागरिकाचे काम आहे असे आम्ही मानतो.

प्रथम टायर म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, 'धाव'. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवतो ती धाव. ती झिजत नाही, पण मऊ जमिनीत सुरीसारखी उतरते. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले, पण त्या काळी ती कल्पना बाजारात टिकली नाही. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्टमध्ये तीच गोष्ट नव्याने केली आणि ती जगभर चालली. या दोघांच्याही आधीच रबर पक्के करण्याची युक्ती हाती आली होती. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबरात गंधक मिसळून तापवले, तेव्हा ते थंडीत तडकेनासे आणि उन्हात चिकट होईनासे झाले. ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की ट्रकचे ओझे रबर फारसे उचलत नाही. ओझे उचलते ती आतली हवा. रबर आणि आतले धागे हे त्या हवेला कोंडून ठेवणारे भांडे आहे.

आता हिवाळ्याकडे येऊ. युरोपात हिवाळी टायर म्हटले की बर्फ डोळ्यांपुढे येतो. थंडीत साधे रबर कडक होते. साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली ही गोष्ट जाणवू लागते, असा तिकडचा ढोबळ नियम आहे. कडक रबर रस्त्याला धरत नाही. म्हणून हिवाळी टायरचे रबर मऊ ठेवतात आणि त्याच्या गोट्यांवर बारीक चिरा पाडतात, म्हणजे त्या चिरांच्या कडा बर्फाला ओरखडून धरतात. अशा टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. ती खूण परीक्षा घेऊन मिळते. जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ही खूण असलेलेच टायर तेथे हिवाळी म्हणून मान्य होतात. दुसरी एक खूण असते, इंग्रजी 'एम' आणि 'एस' या अक्षरांची. चिखल आणि बर्फ असा तिचा अर्थ. पण ती कारखानदाराने स्वतःच केलेली जाहिरात आहे, तिच्यामागे बर्फावरची परीक्षा असेलच असे नाही. दुकानात ही अक्षरे पाहून भाळू नये.

पाथरीच्या माणसाला बर्फाचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या दारातला रस्ता पाहा. कल्याणकडून अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव करीत पाथरीत येणारा आणि पुढे मानवत, परभणी, नांदेड, भोकर, भैंसा करीत निर्मलला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी याचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. निर्मलला तो ४४ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो, आणि तो रस्ता कन्याकुमारीपासून थेट श्रीनगरपर्यंत जातो. या रस्त्याने आपल्याकडची पोरे स्टिअरिंग धरून सफरचंदाच्या मुलखात जाऊन येतात. तिकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला आमचे सांगणे एवढेच असते, की टायर बदलण्याचा खर्च मालक करणार नाही. पण मागच्या ओढणाऱ्या चाकांना घालायच्या लोखंडी साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत, आणि त्या कशा चढवायच्या हे थंडीने हात गारठण्याआधी शिकून घेतले पाहिजे. बर्फावरून उतरले की साखळ्या ताबडतोब काढाव्यात, नाही तर डांबरावर साखळीही जाते आणि टायरही जातो.

आपल्या मराठवाड्यात मात्र खऱ्या हिवाळी टायरचा उपयोग नाही. परभणीला काही वर्षी पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे, हे खरे; पण दुपारी तोच पारा अठ्ठावीस-तीसवर जातो. मऊ रबराचा टायर या उन्हात आणि ओझ्याखाली खडूसारखा झिजेल. आपल्या पहाटेच्या थंडीचा परिणाम रबरापेक्षा हवेवर होतो. दुपारी तीस अंशांत १०० पौंड हवा भरून गाडी उभी केली आणि पहाटे दहा अंशांत काटा लावून पाहिला, तर तो बाण्णव-त्र्याण्णव दाखवील. हवा कोठे गळालेली नसते. थंडीने ती आकसते. म्हणून हिवाळ्यात हवा पहाटे, गाडी हलण्याआधी तपासावी. आणि धावून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून ती कधीही सोडू नये. गार झाल्यावर तो टायर उपाशी राहतो, कडा जास्त वाकतात, वाकल्याने तापतात, आत थर सुटतात, आणि मग तो फुटतो. पुष्कळ टायर खिळ्याने मरत नाहीत, कमी हवेने मरतात.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे बर्फ नव्हे, हंगाम होय. दिवाळीच्या आसपास कापूस निघतो, साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. हे चित्र या भागात फार जुने नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली. १९७६ साली धरण पुरे झाले. त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आपल्या तालुक्यातून गेला. कालव्याचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, आणि उसामागे ट्रक शेतात उतरला. कालव्याच्या पाण्याने भिजणाऱ्या काळ्या रानात भर हिवाळ्यातही चिखल असतो. तेव्हा पाथरीपुरते हिवाळ्यात गाडी चालवणे आणि आडरानात गाडी चालवणे, हे दोन्ही एकच.

या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी प्याली की ती फुगते, सुकली की भेगाळते. ओली असताना पायाला अशी चिकटते की चार पावलांत जोडा दुप्पट होतो. टायरचेही तसेच होते. खाचांत चिखल थापला जातो, खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत होतो, आणि मग नवा काय नि जुना काय, सारखेच. शिवाय ट्रकच्या यंत्रात एक खोड आहे. वळणावर दोन्ही बाजूंची चाके कमीजास्त फिरावीत म्हणून मागच्या धुरीत डिफरन्शियल बसवलेला असतो. ज्या चाकाला कमी अडथळा त्याला तो जास्त फिरवतो. म्हणून एक चाक चिखलात घसरले की तेच गरगर फिरते, आणि कोरड्यावरचे चाक स्वस्थ उभे राहते. ॲक्सिलरेटर दाबावा तसे फिरणारे चाक स्वतःची कबर खणते. अशा वेळी यंत्र बंद करून खाली उतरावे, चाकापुढचा चिखल खोऱ्याने काढावा, पाचट किंवा पऱ्हाटी अंथरावी, आणि मग दुसऱ्या गिअरात हलक्या पायाने गाडी काढावी.

आता एक छोटा हिशेब मांडतो. चार टायरच्या मागच्या धुरीवर कायद्याने पूर्वी १०.२ टन चालत असे. २०१८ साली ते ११.५ टन केले. म्हणजे एका टायरवर सुमारे पावणेतीन ते तीन टन. टायरात हवा १०० पौंडांची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोची. भागाकार केला, तर एक टायर जमिनीला टेकतो तो सुमारे चारशे चौरस सेंटिमीटर. आपल्या दोन तळहातांपेक्षा थोडी मोठी एवढी ती जागा! माणूस एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या पायाखाली चौरस सेंटिमीटरला पाव ते अर्धा किलो भार येतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकात एक-दीड किलोच हवा असते, म्हणून तो ओल्या रानातून जातो. सात किलोच्या हवेवर उभा असलेला ट्रक त्याच रानात रुतणारच. कोणत्याही कंपनीचा, कितीही किमतीचा टायर घेतला तरी ट्रकचा ट्रॅक्टर होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने पाण्यात आणि जमिनीवर चालणारी एक गाडी बनवली होती; तिच्या टायरांतली हवा ड्रायव्हरला बसल्या जागी कमीजास्त करता येई. वाळूत कमी, रस्त्यावर जास्त. आपल्या ट्रकला ही सोय नाही. भरल्या गाडीची हवा शेतात कमी करून तसेच डांबरावर धावणे म्हणजे टायर जाळणे होय. हवा कमी करायची तर ओझेही कमी केले पाहिजे, हा निसर्गाचा करार आहे.

मग टायर निवडायचा कसा? आमचा पहिला नियम असा की कंपनीचे नाव सर्वांत शेवटी विचारावे. आधी विचारावे, टायर कोणत्या चाकाला हवा. पुढची दोन चाके गाडीला दिशा देतात. त्यांना उभ्या सरळ पट्ट्यांचा टायर लागतो, ज्याला आपण रिब म्हणतो. तो सरळ चालतो, वळण धरतो, कमी तापतो. मागची चाके ओढतात. त्यांना आडव्या जाड गोट्यांचा लग टायर लागतो, म्हणजे माती धरता येते. ज्याची गाडी महिन्याचे बहुतेक दिवस डांबरावर आणि थोडी वाट कच्ची, त्याने मागे अर्धा लग, अर्धा रिब असा मधला नमुना घ्यावा. पूर्ण लग डांबरावर आवाज करतो, तापतो, लवकर झिजतो. पण ज्याची गाडी रोज फडात उतरते त्याला तो झिजेचा खर्च सोसलाच पाहिजे. कारण लग नसला, तर त्याची किंमत क्लीनरच्या कमरेतून आणि तोडणीवाल्यांच्या मानेतून वसूल होते.

दुसरा प्रश्न नायलॉन की रेडियल. नायलॉन टायरात धागे तिरके, एकावर एक आडवेतिडवे असतात. रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत सरळ, आणि वर तारेचा पट्टा असतो. फ्रान्समध्ये १९४६ साली रेडियलचे पेटंट झाले; आपल्याकडे ट्रकला तो गेल्या वीस वर्षांत रुळला. रेडियल कमी तापतो, डिझेल वाचवतो, लांबच्या डांबरी वाटेला उत्तम. पण त्याच्या कडा नाजूक. आपल्या रानात तुरीचे खुंट, पऱ्हाटीचे खुंट, तोडलेल्या उसाचे धारदार बुडखे, पांदणीतले दगड असतात. रेडियलची कड एकदा चिरली की तिला डॉक्टर नाही. नायलॉनची कड जाड. ती मार सोसते आणि थोडीफार दुरुस्तही होते. म्हणून परभणी ते हैदराबाद किंवा मुंबई धावणाऱ्याला रेडियल, आणि फड ते कारखाना करणाऱ्याला नायलॉन, असा साधा हिशेब आहे. एकाच धुरीवर दोन्ही जाती मात्र कधी मिसळू नयेत. एक एका रीतीने वाकतो, दुसरा दुसऱ्या रीतीने, आणि गाडी भलतीकडे ओढू लागते. जोडचाकांतही दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत. एक नवा, एक झिजलेला असला की नव्यावर सगळे ओझे येते. आणि फडातून निघताना जोडचाकांच्या मध्ये दगड किंवा वीट अडकली आहे का, हे बॅटरी लावून पाहावेच. तो दगड दोन्ही टायर कापतो, आणि वेगात उडाला तर मागच्या सायकलवाल्याच्या डोक्यात बसतो.

तिसरी गोष्ट, टायरच्या कडेवरचे लिखाण वाचावे. '१०.००-२०' म्हणजे टायर दहा इंच रुंद, रिंग वीस इंचांची. आकड्यांत आडवी रेघ असेल तर नायलॉन, 'आर' हे अक्षर असेल तर रेडियल. सोळा प्लाय म्हणजे आत सोळा थर आहेत असे नव्हे, तेवढी ताकद आहे एवढाच अर्थ. शेजारी चार आकडे असतात. ३५२३ असे असतील, तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते; स्वस्त मिळाला म्हणून दुकानाच्या माळ्यावरचा जुना 'नवा' टायर घेऊ नये. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर तेथवर झिजला की त्याचे आयुष्य संपले. ट्रकला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी, असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. पण तो कोरड्या डांबरासाठी ठीक. काळ्या रानात उतरणाऱ्याने त्याच्या कितीतरी आधी मागचे टायर बदलले पाहिजेत.

चौथी गोष्ट रिमोल्डची. झिजलेल्या टायरवर नवी पट्टी चढवणे हा काही गुन्हा नव्हे. एसटीने वर्षानुवर्षे असे टायर स्वतःच्या कारखान्यांत तयार करून वापरले. विमानांच्या टायरांवरही नवी पट्टी चढवतात. चांगल्या सांगाड्यावर, चांगल्या कारागिराने केलेला रिमोल्ड मागच्या चाकाला बेलाशक वापरावा. पुढच्या चाकाला मात्र नाही. मागच्या चारांतला एक फुटला तर उरलेले तीन गाडी सावरतात. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून हिसकावले जाते. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावण्याची कायद्यानेच मनाई आहे.

इथपर्यंत आम्ही सांगितले ते कोणताही जाणता मिस्त्री सांगेल. आता संघटनेचा माणूस म्हणून जे सांगायचे ते सांगतो.

हे सगळे ज्याला ठाऊक असते, त्याला टायर निवडण्याचा अधिकार नसतो. ड्रायव्हर रोज पहाटे चाकाला हात लावतो. कोणता टायर तापतो, कोणता गुळगुळीत झाला, कोणाच्या कडेला फुगा आला, हे त्याला पाठ असते. पण टायर घेताना त्याला कोणी विचारत नाही. आणि टायर फुटला की मात्र पहिले बोट त्याच्याकडे! आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका वाहतूकदाराने हंगामात पुढच्या चाकाला रिमोल्ड घातला, गाडी मापाबाहेर भरली, रात्रीत दोन खेपा करायला लावल्या. टायर फुटून गाडी चारीत गेली. ड्रायव्हर जिवानिशी वाचला, आणि महिनाअखेर त्याच्या पगारातून टायरची किंमत कापली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संघटनेने कागद हातात घेतले तेव्हा ती कपात परत मिळाली.

कायदा याबाबतीत स्वच्छ आहे. नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळेच झाले असेल, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली असेल, तरच पगारातून कपात करता येते. १९३६ च्या वेतन कायद्यात हे तत्त्व होते, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम ठेवले आहे. दुसरे असे, की जादा ओझ्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा झाला. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर जादा ओझे मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच भरले होते असे न्यायालयाला गृहीत धरता येते. हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमात लिहिले आहे. किती ड्रायव्हरांना हे ठाऊक आहे? आम्ही गाडीतळावर उभे राहून हे कलम वाचून दाखवतो, तेव्हा माणसे पुन्हा वाचा म्हणतात.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. कारण ट्रक एकट्या ड्रायव्हरचा नसतो. फडात ऊसतोड कामगारांची टोळी असते. ज्यांच्याकडे बैल आहेत ते टायरगाडीने ऊस नेतात. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांना डोकी सेंटरवाले म्हणतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेऊन आलेली ही माणसे ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. बाई दिवस गेलेली असो की तापाने फणफणलेली असो, फळी तीच. आता ड्रायव्हरने शहाणपणा करून गाडी रुतू नये म्हणून शंभर मीटर अलीकडे बांधावर उभी केली, असे समजा. दहा टन ऊस म्हणजे पंचवीस किलोच्या चारशे मोळ्या. प्रत्येक मोळीमागे जाऊन-येऊन दोनशे मीटर. एका गाडीमागे टोळीचे चालणे ऐंशी किलोमीटरने वाढले, त्यातले निम्मे डोक्यावर ओझे घेऊन! गाडी आत घातली तर ड्रायव्हर मरतो, बाहेर ठेवली तर टोळी मरते. मालक म्हणतो गाडी वाचव, मुकादम म्हणतो गाडी आत घे. दोन गरिबांना एकमेकांच्या अंगावर सोडण्याची ही रीत आम्ही पुष्कळ फडांवर पाहिली आहे. यावर टायरचे दुकान हे उत्तर नव्हे.

उत्तरे साधी आहेत, पण ती एकट्याच्या हातची नाहीत. रानाला वाफसा आल्याशिवाय भरला ट्रक आत घालू नये. तोडणीच्या आधी पाणी केव्हा तोडायचे हे शेतकरी आणि कारखान्याचा शेतकी विभाग यांनी मिळून ठरवावे. ओल्या रानातून ऊस ट्रॅक्टरने डांबरीपर्यंत आणावा आणि तेथे ट्रकमध्ये भरावा. गाडी बांधावर राहिली तर टोळीला वाढत्या अंतराचे वेगळे पैसे मिळावेत. पांदणीवर हंगामाआधी मुरूम पडावा. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना काढली. आपल्या गावची कोणती पांदण त्यात बसते, हे ग्रामसभेत उठून विचारण्याचे काम आपणच केले पाहिजे. एका चांगल्या पांदणीने जेवढे टायर वाचतील तेवढे कोणत्याही कंपनीच्या हमीने वाचणार नाहीत.

आणि ट्रकमालकांना, ज्यांतले पुष्कळ स्वतः कर्ज काढून एकच गाडी चालवणारे आहेत आणि ज्यांना आम्ही परके मानत नाही, त्यांना आमची चार मागणी आहेत. गाडीत हवा पाहण्याचा काटा आणि एक वही ठेवा. टायर केव्हा बसवला, किती किलोमीटर चालला, कोठे फुटला हे त्या वहीत लिहा. पुढच्या चाकाला नवा टायर घाला, जुना मागे न्या. गाडी जेवढी पेलते तेवढीच भरा. आणि टायर घ्यायला दुकानात जाल तेव्हा ड्रायव्हरला बरोबर न्या. त्याची निवड पाचशे-हजाराने महाग पडेल कदाचित. पण त्या चाकामागे तो स्वतः बसणार असतो, म्हणून तो उगाच महाग वस्तू मागणार नाही आणि स्वस्त म्हणून कुजकी वस्तूही घेणार नाही.

आपण नागरिकांनीही एक करावे. उसाच्या दिवसांत रात्री रस्त्यावर मापाबाहेर भरलेली, मागे दिवा नसलेली गाडी दिसली, की आपण ड्रायव्हरला शिव्या देतो. शिवी देण्याआधी ती गाडी कोणी भरली, तिचा टायर कोणी निवडला आणि त्या माणसाला झोप कोणी दिली नाही, हे तीन प्रश्न मनात यावेत. प्रश्न आले की उत्तरे शोधणारी माणसेही पुढे येतात, असा आमचा अनुभव आहे. येत्या हंगामाला अजून अवकाश आहे. पांदणीवर मुरूम टाकायचा तो पावसाळ्याआधीच टाकावा लागतो. तेव्हा या उन्हाळ्यातच ग्रामसभेत बसू या.